मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स': काय ऐकायचं, कसं वाजवायचं

खर्जतार

मेटल (जड, जोरकस रॉक) ऐकणाऱ्याला या अल्बमची ओळख करून द्यायला नको. पण 'बाप आहे', 'तोड नाही' याच्या पुढे जाऊन तो नेमका कशामुळे पकडतो, हे नीट बोलावं म्हणून हा धागा. वाजवणाऱ्यांनी वाजवताना कुठे अडतं ते लिहा, ऐकणाऱ्यांनी कोणती आवृत्ती घ्यावी ते लिहा.

मूळ माहिती आधी. ध्वनिमुद्रण कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत, सप्टेंबर ते डिसेंबर १९८५. निर्मिती बँडची स्वतःची आणि फ्लेमिंग रासमुसेनची. 'राइड द लाइटनिंग'ही याच माणसाबरोबर याच स्टुडिओत झाला होता. मिक्सिंग मायकेल वागनरने लॉस एंजेलिसला केलं. ३ मार्च १९८६ ला अल्बम बाहेर आला. आठ गाणी, पावणेपंचावन्न मिनिटं. गायन आणि गिटार जेम्स हेटफिल्ड, गिटार कर्क हॅमेट, ड्रम लार्स उलरिक आणि बेसवर (खर्जाच्या गिटारवर) क्लिफ बर्टन. बर्टनचा हा शेवटचा अल्बम. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला, वय २४.

एकाही गाण्याचा व्हिडिओ काढला नव्हता, तरी बिलबोर्डच्या यादीत अल्बम २९ व्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याला घेतलं. त्या यादीतलं हे पहिलं मेटल.

माझं म्हणणं एवढंच की या अल्बमचं सगळं वजन हेटफिल्डच्या उजव्या हातात आहे. वेगवान बँड तेव्हाही ढीगभर होते. इतका स्वच्छ, इतका एकसारखा ठोका दुसऱ्या कुणाचा नव्हता. शीर्षकगीताची लय मिनिटाला साधारण २१२ मात्रा. मात्रेला दोन ठोके धरले की मिनिटाला ४२४, म्हणजे सेकंदाला सात. आणि हे ठोके वरून खालीच. पिक (तारा छेडायची चकती) खाली-वर नेली तर निम्म्या कष्टात तोच वेग मिळतो, पण वर जाताना पिक आधी पातळ तारेला लागते आणि ठोका हलका पडतो. एक जड, एक हलका असं होत गेलं की रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) डुलायला लागतो. सगळे ठोके वरून खाली दिले की प्रत्येक ठोक्याचं वजन सारखं राहतं. मशीनसारखं वाटतं ते यामुळे.

नवखा_कान

धागा छान. मी वाजवत नाही, फक्त ऐकते. पण खरं सांगते, दोनदा ऐकूनही मला एकच भिंत ऐकू येते. कुठे सुरू होतं, कुठे संपतं कळत नाही. कुठून धरावं?

बेसवाला

@नवखा_कान, पहिल्या गाण्यापासून सलग ऐकू नका. आधी चौथं गाणं घ्या, 'वेलकम होम (सॅनिटेरियम)'. स्वच्छ गिटारवर सुरू होतं, ध्रुपदाला डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज) येतं, पुन्हा स्वच्छ, आणि शेवटी लय चढते. कुठला भाग कुठे बदलला हे आपसूक कळतं. मग 'ओरायन' घ्या. त्यात गाणं नाहीच, त्यामुळे शब्द पकडायची धडपड नको. साधारण चौथ्या मिनिटाला सगळं थांबतं आणि बेस एकटा एक संथ, सहाच्या झोक्याचा तुकडा धरतो. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच सापडेल. त्यावर गिटारी एकेक करून चढतात. तिथून शेवटापर्यंत फक्त बेस ऐका. गिटार सोलो वाटणाऱ्या जागांपैकी काही बर्टनच्या बेसच्या आहेत. तो पिक न धरता बोटांनी वाजवायचा, आणि डिस्टॉर्शन व वा-पेडल (पायाने सुराचा रंग बदलणारं यंत्र) लावून बेसला गिटारच्या पट्टीत नेऊन बसवायचा.

शीर्षकगीत तिसऱ्या दिवशी.

तबकडी

+१. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात शंभर हर्ट्झच्या खाली काहीच येत नाही, मग बेस आणि बेस ड्रम दोन्ही गायब आणि उरते ती नुसती खरखर. तारवाले साधे हेडफोनही पुरतात. इक्वलायझर बंद ठेवा. 'रॉक' नावाचं प्रीसेट लावलंत तर मधले सूर आणखी खाली जातात, आणि या अल्बममध्ये ते मुळातच खाली ओढलेले आहेत.

सम_आणि_खाली

शीर्षकगीताच्या कडव्याबद्दल लिहायचं होतं. बहुतेकांना ते ऐकताना अडखळल्यासारखं वाटतं, आणि का ते सापडत नाही.

कडव्याचा रिफ चार-चार मात्रांच्या तीन भागांचा आणि चौथ्या तोकड्या भागाचा. तो चौथा भाग अडीच मात्रांचा. म्हणजे आवर्तन साडेचौदा मात्रांचं. टाळी देऊन पाहा: १ २ ३ ४, १ २ ३ ४, १ २ ३ ४, १ २ आणि... लगेच सम. तिसरी मात्रा अर्ध्यावरच कापली जाते म्हणून आपण टाळी द्यायच्या आधीच पुढचं आवर्तन अंगावर येतं. गाण्याचा विषय व्यसन, माणूस दोरीवर नाचतोय, आणि लय श्रोत्यालाही पाय रोवू देत नाही. हे शब्दांनी सांगितलेलं नाही, मोजणीतच बसवलेलं आहे. मला या अल्बममधली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

अगदी बारीक मोजलं तर तो तुकडा अडीचपेक्षा किंचित लांब भरतो. त्यांनी तो कागदावर मोजून बसवलेला नाही, एकत्र वाजवून अंगात भिनवलेला आहे.

डबलबेस

हे ड्रमवाल्यांनी घोटून घ्यावं. कव्हर करणारे बँड नव्वद टक्के वेळा इथेच फुटतात. ड्रमर सवयीने चौथा भाग पूर्ण चार मात्रांचा वाजवतो, गिटारवाला अडीचवर उडी मारतो, आणि पुढच्या समेला स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) उलट्या बाजूला पडतो. मग गायक कुणाचं ऐकणार?

उपाय: आकडे मोजत बसू नका, वेग वाढला की मोजणी टिकत नाही. कडव्याची ओळ तोंडाने म्हणत फक्त स्नेअर वाजवा. १२० च्या लयीत सुरू करा. मेट्रोनोमचा जोरकस पहिला ठोका बंद ठेवा, नाहीतर तो तुम्हाला चारवर ओढेल. तुकडा अंगात बसला की मग दोन्ही पाय जोडा. पाय आधी जोडले तर चूक कुठे होतेय तेच कळत नाही.

खर्जतार

@सम_आणि_खाली, साडेचौदा मात्रा! हे असं मांडलेलं वाचून बरं वाटलं.

रागदारी_रिफ

सुरांकडेही बघू या. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज-पंचम, बस. गंधार नाही. म्हणून तो ना हसरा ना उदास, नुसता उभा असतो. आता गंधार का गाळतात? डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र घातले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. गिटारची सर्वांत जाड तार इ, ८२.४ हर्ट्झ. तिचा पंचम बी, १२३.५. वजाबाकी ४१ हर्ट्झ, म्हणजे नेमका एक सप्तक खालचा इ. वाजवला नाही तो खर्ज आपोआप मिळाला! गंधार घातला तर मात्र गिटारच्या पट्ट्यांवरचा तीव्र... चुकलं, शुद्ध गंधार आपल्या तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा बराच चढा असतो. साध्या आवाजात कानाआड करता येतं, डिस्टॉर्शनमध्ये तो फरक गुरगुरायला लागतो आणि चिखल होतो. पंचम जवळजवळ अचूक असल्यामुळे तो निभावतो.

दुसरं म्हणजे कोमल रिषभ. इ हा षड्ज धरा. इ-वरून लगेच एफ-वर जाणं, म्हणजे सा-रे॒, या अल्बमभर आहे. त्याच्या जोडीला तीव्र मध्यम. तीव्र मध्यमाची ही मेटलमधली परंपरा ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यापासूनची. भैरवीची सवय असलेल्या आपल्या कानाला कोमल रिषभ परका नाही, त्यामुळे हा अंधार ओळखीचा वाटतो.

सम_आणि_खाली

सुरांपुरतं पटलं. पण भैरवीशी नातं तिथेच संपतं. रागात सुराला कुठून यायचं, कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं. इथे शीर्षकगीताचा मुख्य रिफ अर्ध्या-अर्ध्या सुराने पायऱ्या उतरतो, मध्ये खालच्या तारेचे दाबलेले ठोके. बारापैकी ओळीने सूर घेतले की राग उरत नाही. भैरवी म्हणून ऐकायला बसलेला माणूस निराश होईल. उतरणीचा जिना म्हणून ऐका.

रागदारी_रिफ

मान्य. नातं रंगापुरतं, चलनाचं नाही.

डाउनपिक_पुणे

गिटार शिकणाऱ्यांसाठी उजव्या हाताबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे चुकीचं करून मनगट दुखावून घेतलेले खूप भेटतात.

पिक १ मिलीमीटर किंवा जाड, कडक. पातळ पिक वाकते आणि परत यायला वेळ घेते, सेकंदाला सात ठोक्यांत तो वेळ नाही. पिकचं टोक बोटांबाहेर २-३ मिलीमीटरच ठेवा. तारेला सपाट न लावता किंचित तिरकी धरा, म्हणजे ती अडकत नाही, घसरून जाते. हालचाल मनगटातून. कोपर ताठ करून खांद्यातून मारलंत तर अर्ध्या मिनिटात पुढचा हात दगड होतो. तळहाताची कड ब्रिजवरच, तारा जिथे त्याला टेकतात तिथे. दोन-तीन मिलीमीटर पुढे सरकली तर सूर मरून नुसता 'टक' येतो, मागे गेली तर दाब सुटून आवाज घोंगावतो. हे तीन मिलीमीटर म्हणजे अख्खा अल्बम.

सरावाला लय १४० पासून. दोन मिनिटं न थकता, एकसारख्या आवाजात वाजलं तरच ५ ने वाढवा. जळजळ सुरू झाली की थांबा, हात झटका, पुन्हा सुरू करा. जळजळीतून रेटत गेलं की हात घट्ट धरायची सवय लागते, आणि घट्ट हात १८० च्या वर कधीच जात नाही. ती सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

'डिस्पोजेबल हीरोज' सर्वांत शेवटी घ्या. सव्वाआठ मिनिटं, विसावा जवळजवळ नाही. शीर्षकगीतात साडेतीन मिनिटांनी स्वच्छ भाग येतो, हाताला श्वास मिळतो. तो संथ भागातला पहिला सोलो हेटफिल्डचा आहे, हॅमेटचा नाही. नंतरचा वेगवान तो हॅमेटचा. त्यातला एक अवघड, उंच सूर मुद्दाम वाजवलेला नव्हता. ताण देताना तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून सुटली आणि तो निघाला, मग तोच ठेवला, असं हॅमेटने सांगितलंय. तो तसाच काढायचा हट्ट धरू नका.

नवखा_कान

'सॅनिटेरियम' आणि 'ओरायन' ऐकलं. बेसचं एकट्याने येणं कळलं! तिथून पुढे भिंत राहिलीच नाही, थर दिसायला लागले. आता 'बॅटरी'?

बेसवाला

हो. सुरुवातीच्या अकूस्टिक गिटारींची धून लक्षात ठेवा. तीच धून लगेच पूर्ण डिस्टॉर्शनमध्ये येते आणि मग गाणं सुटतं. 'राइड द लाइटनिंग'ही असाच उघडतो. दोन्ही अल्बमचा सांगाडा सारखा आहे: अकूस्टिकने उघडणारं वेगवान पहिलं, शीर्षकगीत दुसरं, संथ-जड तिसरं, हळुवार सुरू होणारं चौथं.

ॲम्प_आणि_आवाज

टोनबद्दल. या अल्बमच्या ऱ्हिदमचा (गाण्याखाली चालणाऱ्या गिटारीचा) गाभा म्हणजे मेसा बूगी मार्क २ सी प्लस या ॲम्पचा प्रीॲम्प (आवाज घडवणारा पहिला टप्पा), आणि पुढे मार्शल ॲम्पची पॉवर. बूगीवर पाच पट्ट्यांचं इक्वलायझर असतं: ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. मधली ७५० ची पट्टी खाली, दोन्ही टोकं वर, असा व्ही आकार.

आता गडबड कुठे होते. घरी एकट्याने वाजवताना हा व्ही आकार प्रचंड वाटतो. बँडमध्ये गेलं की गिटार नाहीशी होते, कारण खालची जागा बेस आणि बेस ड्रम घेतात, वरची झांजा घेतात, आणि मधली जागा तुम्हीच रिकामी केलीत. मग वैतागून आवाज वाढवला जातो, बाकीचे वाढवतात, आणि कॉलेजच्या फेस्टमध्ये तिसऱ्या गाण्याला साउंडवाला सगळ्यांनाच खाली ओढतो. बँडमध्ये ७५० फार तर थोडी खाली ठेवा, बास कमी करा.

गेनही (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) कमी लागतो. दहावर नको, सहाच्या आसपास बघा. अल्बममधला जाडपणा गेनचा नाही, थरांचा आहे. ऱ्हिदमचे जवळजवळ सगळे थर हेटफिल्डने स्वतःच एकावर एक वाजवले. एकाच हाताचे असल्यामुळे ते एकमेकांवर तंतोतंत बसतात.

घरी रेकॉर्ड करताना हेच करा: तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवलात तर तो मधोमध थोडा मोठा ऐकू येतो, बाकी काही होत नाही. ती कॉपी जराशी मागे सरकवून फसवायला गेलात तर मोनोवर काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दोनदा वाजवण्याला पर्याय नाही. गिटारच्या ट्रॅकवर ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, तिथे बेसला राहू द्या.

डबलबेस

थरांवरून एक गोष्ट. या अल्बममध्ये बेस ऐकू येतो हे भाग्य समजा. पुढचा, १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' लावून बघा. रचना आणखी गुंतागुंतीच्या, पण बेस जवळजवळ पुसलेला. दोन्ही लागोपाठ ऐकले की तळ काढून घेतल्यावर काय होतं ते कुणी समजावून सांगायला लागत नाही.

चौथी_तार

ट्यूनिंगचं कुणी बोललं नाही. सात गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, 'द थिंग दॅट शुड नॉट बी' मात्र सगळ्या तारा एकेक पूर्ण सूर खाली, म्हणजे जाड तार डी. नेहमीच्या ०९-४२ च्या (हे तारांच्या जाडीचे आकडे) संचावर हे केलंत तर तारा लोंबतात आणि जोरात मारल्यावर सूर आधी चढून मग खाली बसतो. १०-५२ किंवा ११ चा संच लावा. तरंगता ब्रिज असेल तर गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायचा विचारच सोडा, दुसरी गिटार न्या.

आणि हल्लीच्या मैफलींचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनो, मेटॅलिका मंचावर अर्धा सूर खाली वाजवते. व्हिडिओसोबत जुळत नाही म्हणून गिटार सेटअपला देऊ नका.

तबकडी

तबकडी घेणाऱ्यांसाठी. ३३ आरपीएमच्या (मिनिटाला ३३ फेऱ्या) तबकडीच्या एका बाजूला बावीस मिनिटांच्या आसपास संगीत आरामात मावतं. इथे पहिली बाजू पावणेसत्तावीस मिनिटांच्या वर, दुसरी अठ्ठावीसच्या जवळ. म्हणजे खाचा दाटीवाटीने कापायच्या, त्यासाठी आवाज आणि खर्ज कमी करायचा. शिवाय तबकडीच्या आतल्या वर्तुळांत सुई संथ रेषेवरून जाते, तिथे तीक्ष्ण आवाज फाटतात. दुसऱ्या बाजूच्या शेवटी काय आहे? 'डॅमेज, इंक.', अल्बममधलं एक सर्वांत वेगवान गाणं. त्याच्या सुरुवातीचे उलटे फिरवलेले बेसचे सूर, बाखच्या 'कम, स्वीट डेथ'वर बेतलेले, चांगल्या सुईशिवाय धूसर होतात. म्हणून परवडत असेल तर २००८ ची ४५ आरपीएमची दोन तबकड्यांची आवृत्ती शोधा.

२०१७ चं रीमास्टर आणि जुनी सीडी यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जरा मोठं वाजणारं कानाला नेहमीच सरस वाटतं. तोच फरक काढून टाकल्यावर उरेल तो खरा.

नवखा_कान

शीर्षकगीत आज ऐकलं. साडेचौदाची टाळी तिसऱ्या प्रयत्नात जमली. एक प्रश्न: २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत वाजलेलं ते हेच ना? थोडं वेगळं वाटलं.

डाउनपिक_पुणे

हेच. मालिकेसाठी गिटारचे काही भाग टाय त्रुहियोने वाजवले, मेटॅलिकाचे सध्याचे बेसवादक रॉबर्ट त्रुहियो यांचा मुलगा. फरक वाटला तो त्यामुळे असेल.

डबलबेस

सराव करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती, मनापासून. बंद खोलीत ड्रम आणि दोन ॲम्प म्हणजे सहज १०० डेसिबल. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं, शीर्षकगीत दोनदाही पूर्ण होत नाही. कापूस चालत नाही, तो फक्त झांजा दाबतो. वादकांचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. ॲम्प जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीला, तुमच्याकडे तोंड करून ठेवा. बहुतेक जण पोटऱ्यांना ऐकवत असतात आणि म्हणून आवाज वाढवतात.

खर्जतार

@डबलबेस, ॲम्प उचलण्याचं सगळ्यांनी आजच करा. @ॲम्प_आणि_आवाज, एक विचारायचं राहिलं: नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं यंत्र) कुठे लावता? शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या तुटक कॉर्डांनंतर जी शांतता आहे, तिथे माझा ॲम्प फुसफुसतो.

ॲम्प_आणि_आवाज

डिस्टॉर्शनच्या आधी नको, नंतर, रिव्हर्ब-डिलेच्या आधी. ॲम्पला इफेक्ट लूप असेल तर लूपमध्ये. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतं ती) शून्यापासून वाढवत न्या, तारा हाताने दाबून धरलेल्या असताना फुसफुस बंद होईल तिथे थांबा. त्याच्या पुढे नेलात तर 'सॅनिटेरियम'मधले लांब सूर मधेच तुटतील. आणि आधी दोन्ही हातांनी तारा दाबायला शिका. त्या कॉर्डांनंतरची शांतता मुळात हाताने केलेली आहे, गेट फक्त उरलेलं झाकतो.